तिरफळ : ओठांवरचे पन्नास हर्ट्झ

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकते, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात जाईल. तिरफळ म्हणजे त्रिफळा नव्हे! त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचं चूर्ण. ते रात्री कोमट पाण्याबरोबर घेतात आणि सकाळी त्याचा परिणाम दिसतो. तिरफळ म्हणजे एकाच झाडाचं, वाटाण्याएवढं फळ, जे बांगड्याच्या कालवणात पडतं. होस्टेलच्या मागच्या किराणा दुकानात तुम्ही "तिरफळ द्या" म्हणालात, तर दुकानदार न चुकता चूर्णाची डबी काढून समोर ठेवतो. माझी लातूरची रूममेट तर हे ऐकून मला म्हणाली होती, "म्हणजे तुमच्याकडे माशाच्या रश्शात जुलाबाचं औषध घालतात?" हा लेख म्हणजे तिला दिलेलं जरा लांबलचक उत्तर आहे असं समजा.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. कोकणात तिरफळ, कोणी चिरफळ म्हणतं, गोव्यात तेफळ आणि अनेक असली की तेफळां. खाली कर्नाटकात गेलं की जुम्मनकायी. कानडीत अंग जुम्म होणं म्हणजे शहारणं, झिणझिणणं. म्हणजे त्या लोकांनी फळाचा गुण थेट नावातच घातला! केरळात झाडाला मुल्लिलम म्हणतात, त्यातला 'मुळ्ळ' म्हणजे काटा. थोडक्यात, एकाने जीभ बघून नाव दिलं, दुसऱ्याने खोड बघून.

शास्त्रीय नाव आहे झँथोझायलम ऱ्हेट्सा. पहिला शब्द ग्रीक, अर्थ 'पिवळं लाकूड'. दुसऱ्या शब्दाची गोष्ट मला फार आवडली. विल्यम रॉक्सबर्ग नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तेलुगू मुलखात होता. पुढे १७९३ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने या झाडाचं तेलुगू नाव टिपून ठेवलं आणि त्याचा अर्थही दिला. डोंगरातले लोक या झाडाच्या सावलीत जमून गावच्या भानगडी मिटवत, म्हणून हे 'सभेचं झाड'. तेलुगूत गावच्या चावडीच्या पाराला आजही रच्चबंड म्हणतात, त्यातला 'रच्च' तोच. म्हणजे जगभरच्या हर्बेरियममध्ये या झाडाच्या कागदावर जे लॅटिन वाटणारं नाव चिकटवलेलं आहे, त्याचा अर्धा भाग आपल्याकडच्या ग्रामसभेतून आलाय. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'स्पाइसेस ऑफ इंडिया' या धड्यात काळी मिरी, वेलची, लवंग, दालचिनी असे सगळे मानकरी होते. तिरफळ नव्हतं. आमच्या घरी मात्र ते फडताळात चहापावडरच्या शेजारी, घट्ट झाकणाच्या बरणीत असायचं. शाळेतल्या मैत्रिणींना त्याचं इंग्रजी नाव काय सांगायचं हे मला कधीच कळलं नाही.

आता झाड बघू. माझं आजोळ कुडाळजवळ. घरामागच्या डोंगराच्या उतारावर आमची तिरफळं आहेत. ती कोणी लावली नाहीत, होती तिथेच. झाड उंच वाढतं, वीस मीटर सहज. उन्हाळ्यात पानं झडून बोडकं होतं. आणि खोडभर काटे! पण काटे म्हणजे बाभळीसारखे सुईदार नाहीत. रुंद बुडाचे, शंकूसारखे, एकेक छोटा ज्वालामुखी खोडावर चिकटवल्यासारखे. लांबून झाड काटेसावरीसारखं दिसतं आणि पानं नसताना नवखा माणूस हमखास फसतो. ओळखायची खूण सोपी आहे. पान चुरगळून वास घ्या. लिंबाच्या सालीसारखा वास आला की तिरफळ. शिवाय सावरीची पानं हाताच्या बोटांसारखी एका देठावरून पसरतात, तिरफळाची कढीपत्त्यासारखी एका दांडीवर दोन्ही बाजूंना ओळीने येतात.

काट्यांबद्दल एक गंमत सांगते. आपण सगळ्यांना काटाच म्हणतो, पण वनस्पतिशास्त्रात त्यांच्या जाती वेगळ्या. लिंबाचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी, आत लाकूड असतं, तो सहज तुटत नाही. गुलाबाचा आणि तिरफळाचा काटा सालीतून वर आलेला असतो. म्हणून तिरफळाचा जुना काटा अंगठ्याने बाजूला जोरात रेटला तर टक् करून निघून येतो आणि खाली नुसता वण राहतो. लहानपणी आम्ही ते काटे काढून रबरस्टँप कोरायचो, बुडाची बाजू सपाट आणि मऊ असते ना! हे वाचून सोपं वाटलं असेल, पण पूर्ण खोड असं साफ करत वर चढणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याकडे पुढे येते.

कढीपत्त्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल आणि तिरफळ हे सगळे एकाच कुळातले. कोवळं हिरवं तिरफळ नखाने टोचलंत तर संत्र्याच्या सालीसारखी बारीक फवारणी होते. तेलाच्या त्या गाठी या कुळाची खासियतच आहे. आणि तिरफळाची सख्खी भावंडं जगभर पसरली आहेत. चीनमधली सिचुआन मिरी, जपानचा सान्शो, नेपाळ-उत्तराखंडचा टिमूर, ही सगळी झँथोझायलमच, फक्त जाती वेगळ्या. एकालाही मिरी म्हणण्यात अर्थ नाही, कारण काळ्या मिरीचं आणि मिरचीचं कूळ पूर्ण निराळं. या नात्याचा फटका एकदा चिनी भावाला बसला. लिंबावर जो खैऱ्या रोग पडतो, त्याचे जंतू सिचुआन मिरीवरून आपल्या संत्र्यांच्या बागांत येतील या धास्तीने अमेरिकेने १९६८ पासून तिच्या आयातीवर बंदी घातली होती. ती २००५ मध्ये उठली, तीही फळं आधी तापवून घ्यायच्या अटीवर. मधली कित्येक वर्षं तिथली चिनी हॉटेलं आपल्या मुख्य मसाल्यावाचून किंवा चोरून आणलेल्या मसाल्यावर चालली. आपल्याकडे बांगड्यावर बंदी आली असती तर काय झालं असतं याची कल्पना करा!

स्वयंपाकघरात तिरफळाचे नियम कडक आहेत. फळ पिकून वाळलं की आपोआप दुभंगतं आणि आतून एकच काळीभोर, चकचकीत बी बाहेर डोकावते. ही बी टाकायची. ती दाताखाली खडीसारखी लागते आणि कडवट असते. सगळी करामत सालीत आहे. बांगडा, तारली, पेडवे असे तेलकट आणि वासाचे मासे असले की ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद यांचं वाटप, आंबटाला कोकम, आणि सात-आठ तिरफळं. कांदा नाही, लसूण नाही, आमच्या घरी तर फोडणीसुद्धा नाही. कारण लसणीचा वास आला की तिरफळ गप्प बसतं. आजी म्हणायची, "तिरफळां वाटूची नायत, ठेचूची." खलबत्त्यात एक ठोका द्यायचा, साल चिरडली पाहिजे पण पीठ व्हायला नको, आणि कालवण उकळायला लागल्यावर टाकायची. बारीक वाटली तर सगळं कालवण कडू. ताटात आलेली तिरफळं कोकमासारखी बाजूला काढून ठेवायची, चावायची नाहीत. नवा जावई ती चावून खातो आणि मग पाच मिनिटं कोणाशी बोलत नाही, हा आमच्याकडचा हमखास विनोद आहे.

शाकाहारी मंडळींनी नाराज होऊ नये. गोव्याचं खतखतं, म्हणजे सगळ्या भाज्यांची, डाळीची आणि खोबऱ्याची ती घट्ट आमटी, तेफळांशिवाय होतच नाही. आमच्याकडच्या मालवणी मसाल्यातही तिरफळ पडतं, पण तिथे ते वीसेक मसाल्यांच्या गर्दीत हरवतं. खरी ओळख करून घ्यायची तर बांगडा किंवा खतखतं.

आता आपल्या सिलॅबसमध्ये येऊ. तिरफळ तिखट आहे का? नाही. आंबट? नाही. मग जिभेवर आणि ओठांवर जे होतं ते काय? मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, नऊ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावल्यासारखं वाटतं (सगळ्यांनी लावलेली असते, नाही म्हणू नका), आणि मग थोडा वेळ बधिरपणा. ही चव नाही, हा स्पर्श आहे. झँथोझायलमच्या फळांच्या सालीत सांशूल या गटातली द्रव्यं असतात. नाव जपानी सान्शोवरूनच पडलंय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या डायना बॉटिस्टा आणि सहकाऱ्यांनी सिचुआन मिरीतलं सांशूल मज्जापेशींवर काय करतं ते दाखवलं. त्या गटात डेव्हिड ज्युलियस होते, ज्यांना मिरचीचा तिखटपणा ओळखणारा रिसेप्टर शोधल्याबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं.

गोष्ट पूर्णपणे इलेक्ट्रिकलची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. मज्जापेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असते. हे व्होल्टेज टिकतं कशामुळे? पेशीच्या पडद्यात पोटॅशियमसाठी बारीक छिद्रं कायम उघडी असतात. आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी, त्यामुळे धन भार सतत थोडा थोडा बाहेर झिरपतो आणि आतली बाजू ऋण राहते. म्हणजे गळती हीच इथे स्थैर्याची हमी आहे! एरवी आपण लीकेज करंट कमी कसा करायचा हे शिकतो, निसर्गाने त्याच्यावरच आख्खी सिस्टिम उभी केलीय. सांशूल येतं आणि यातली काही छिद्रं बुजवतं. गळती थांबली की आतलं व्होल्टेज हळूहळू वर सरकतं, ठरावीक पातळी ओलांडली की पेशी फायर करते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर सरकते. ओठाला कोणीही हात लावलेला नसतो, पण स्पर्शाच्या तारा मेंदूला सिग्नल पाठवत राहतात. म्हणजे ऑसिलेटर!

ऑसिलेटर म्हटलं की पुढचा प्रश्न कुठलाही इलेक्ट्रिकलवाला विचारेल : फ्रिक्वेन्सी किती? आणि हा प्रश्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या तिघांनी खरंच विचारला. नोबुहिरो हागुरा, हॅरी बार्बर आणि पॅट्रिक हॅगार्ड, २०१३ साली. पद्धत इतकी साधी की आपल्या लॅबमध्ये करता येईल. लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली. त्यांच्या बोटावर एक यंत्र ठेवलं, जे ठरावीक फ्रिक्वेन्सीने थरथरतं. मग विचारलं, ओठावरची झिणझिण जास्त जलद की बोटावरची? यंत्राची फ्रिक्वेन्सी बदलत बदलत दोन्ही सारखी वाटेपर्यंत आणायची. उत्तर आलं साधारण ५० हर्ट्झ. आपल्या त्वचेत वेगवेगळ्या वेगाच्या थरथरीसाठी वेगवेगळ्या तारा आहेत, आणि ५० हर्ट्झच्या आसपास त्यातली एकच ठरावीक जात बोलते. म्हणजे सांशूल कुठली तार छेडतं हे नुसत्या तुलनेवरून, एकही सुई न टोचता, कळलं.

५० हर्ट्झ! आपल्या होस्टेलच्या सॉकेटमध्ये जी फ्रिक्वेन्सी आहे, तीच. तो प्रयोग चिनी मिरीवर झाला होता हे खरं, पण तिरफळाची झिणझिण त्याच जातकुळीची. आता पॉवर सिस्टिम्सच्या पेपरात सप्लाय फ्रिक्वेन्सी लिहिताना मला बांगडा आठवतो. मार्कांवर काही चांगला परिणाम झालेला नाही.

झिणझिणीनंतरच्या बधिरपणातून आपण औषधाकडे येतो. अमेरिकेत याच कुळातल्या एका झाडाला लोक 'दातदुखीचं झाड' म्हणतात. टिमूरच्या काड्यांनी हिमालयातले लोक दात घासतात. भावप्रकाशात ज्याला तुंबरू म्हटलंय तो हाच टिमूर, आणि तुमच्या बाथरूममधल्या लाल टूथपेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचलीत तर तिथे 'तोमर बीज' सापडण्याची चांगली शक्यता आहे. तोही तोच. सांशूल वेदना वाहून नेणाऱ्या काही तारांना दाबून टाकतं, हेही २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. तेव्हा दात दुखला की तिरफळाची साल दाढेखाली धरायची, या आमच्या गावच्या रिवाजाला पाया आहे. पण दुखणं दबलं म्हणजे किडलेला दात बरा झाला असं नाही. दात दुखत असेल तर तिरफळ धरून डेंटिस्टकडे जा.

पोटाच्या बाबतीत सगळ्यात ठोस उदाहरण जपानचं आहे. तिथे दाइकेन्चूतो नावाचं पारंपरिक औषध आहे. त्यात सान्शो, सुंठ, जिन्सेंग आणि माल्टची साखर असते. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी सुस्त पडतात, ती हलती करायला तिथले सर्जन ते लिहून देतात. चांगल्या मोठ्या हॉस्पिटलांत, प्रिस्क्रिप्शनवर. दक्षिणेत कन्याकुमारीकडच्या डोंगरातले काणी लोक मुल्लिलमचे काटे दगडावर पाण्यात उगाळून तो लेप बाळंतिणीच्या दुखऱ्या छातीवर लावतात. आपल्याकडे तेलकट मासा आणि तिरफळ ही जोडी पोटाला बाधू नये म्हणून जमवली असं सगळ्या आज्या सांगतात. मला विचाराल तर हे सगळं एका मापाने मोजू नये. जपान्यांनी डोस ठरवला, पेशंट मोजले. आपण फक्त 'आयुर्वेदात सांगितलंय' एवढं म्हणून मोबाइलवर पुढे ढकलतो, आणि तेही त्रिफळाचा फोटो लावून! तिरफळाचं अर्कतेल घरी काढून पिण्याचा वगैरे उद्योग कोणी करू नये.

या झाडावर आणखी एक गिऱ्हाईक अवलंबून आहे. पश्चिम घाटात, महाराष्ट्राच्या दक्षिणेपासून केरळपर्यंत, एक फुलपाखरू आढळतं. काळे पंख आणि त्यावर हिरवट-निळा झळकता पट्टा. इंग्रजीत मलबार बँडेड पीकॉक. केरळ सरकारने २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं आणि तिथे त्याला बुद्ध मयूरी म्हणतात. त्याच्या अळ्या तिरफळाच्या पानांवर वाढतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ पासूनचं, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळात राहतात, पण त्यांचं लिंबू-पपनसावर भागतं आणि ती झाडं परसात असतात. बुद्ध मयूरीला परसात जागा नाही. तिरफळ कोणी परसात लावत नाही ना!

आणि हाच खरा प्रश्न आहे. तिरफळ सगळ्यांना हवं, झाड कोणालाच नको. मामाच्या सातबाऱ्यावर आंबा आहे, काजू आहे, तिरफळ नाही. दोडामार्गकडे डोंगर रबर आणि अननसाखाली गेले, आमच्याकडे काजूखाली. काजूचं कलम तीन-चार वर्षांत उत्पन्न देतं, फळ खाली पडतं, वेचलं की झालं. तिरफळ बारा-पंधरा मीटरवर फांद्यांच्या टोकाला घोसाने लागतं, आणि पावसाळा सरतासरता, खोड निसरडं असतानाच उतरवावं लागतं. पूर्वी गावातला एक गडी कोयत्याने काटे तासत चढायचा. अंगाला लाल मुंग्या डसायच्या. तो आता गोव्यात एका हॉटेलात कामाला आहे आणि त्याच्या जागी कोणी आलेलं नाही, यायचं कारणही नाही. मग लोक सोपा मार्ग काढतात : फांदीच तोडायची. घोस हातात येतात, पण पुढच्या वर्षी त्या बाजूला फळ नाही. दोन-तीन वर्षं असं झालं की झाड कुरूप होतं आणि एक दिवस सरपणात जातं.

शिवाय या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. नराला फुलं येतात, फळ कधीच येत नाही. आमच्या उतारावर तीन झाडं होती. एक रस्ता रुंद करताना गेलं. दुसरं 'वांझ' म्हणून मामाच्या शेजाऱ्याने तोडून टाकलं. ते नर होतं की काय हे आता विचारून उपयोग नाही. राहिलं एक. गेल्या मे महिन्यात मामाने सरळ सांगितलं, "ह्या वर्सा कोणी फळां काढून दिली तर झाड ठेवतलंय, नायतर थंय काजी लावतलंय." त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. जागा त्याची, पोट त्याचं.

तर मी आणि मेकॅनिकलचे दोघे मित्र कामाला लागलो. कल्पना अशी की झाडावर चढायचंच नाही. आंब्याच्या झेल्यासारखी लांब काठी, टोकाला घोसाचा देठ कापणारी कात्री, कात्रीची दोरी खालून ओढायची, आणि झाडाखाली ताडपत्री. कागदावर अर्ध्या तासात झालं! मग गणित केलं. काठी सरळ उभी असते तोपर्यंत ठीक, पण तिरकी धरली की ती कँटिलिव्हर बीम. टोकाच्या वजनाने येणारा झोक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, स्वतःच्या वजनाने येणारा चौथ्या घाताच्या. सहा मीटरची काठी बारा मीटर केली की पहिला आठपट, दुसरा सोळापट. म्हणजे वर कात्री डुलत राहते आणि खाली माणूस तिच्यामागे नाचतो. ॲल्युमिनियमचा टेलिस्कोपिक पाइप वापरू असं एकाने सुचवलं. तिथे मात्र मी आडवी आले. त्या उतारावरून ११ हजार व्होल्टची लाइन जाते. धातूची बारा मीटरची काठी घेऊन तिच्याखाली फिरणं म्हणजे तिरफळाशिवायच ५० हर्ट्झचा अनुभव. ओला बांबूसुद्धा तिथे चालणार नाही. शेवटी आठ मीटरचा चांगला वाळलेला बांबू, लाइनपासून लांबच्या बाजूनेच काम, दव पूर्ण सुकल्यावर, आणि उताराचा फायदा घेऊन वरच्या अंगाला उभं राहून कापायचं असं ठरलं. त्या बाजूने घोस तेवढे खाली येतात. हे डिझाइन वगैरे काही नाही, मामाने आधीच सांगितलं होतं की वरून काढा.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तीन दिवसांत साडेतीन किलो ओली तिरफळं निघाली. लाइनच्या बाजूचे घोस तसेच राहिले, ते पक्ष्यांना. थोडी हिरवी फळं आजीच्या पद्धतीने मिठाच्या पाण्यात घातली, बाकीची सावलीत वाळवली. सावलीत अशासाठी की सांशूल ऊन, हवा आणि उष्णता यांनी लवकर बिघडतं. दुकानात पारदर्शक पिशवीत वर्षभर टांगलेलं तिरफळ नुसतं लाकूड लागतं ते त्यामुळेच. विकत घेताना एक दाणा फोडून ओठाला लावून बघा. अर्ध्या मिनिटात काही झालं नाही तर घेऊ नका. वाळवून, बिया काढून आमच्याकडे किलोभरही माल उरला नाही. मामाने हातात घेऊन वास घेतला आणि काजूची कलमं झाडापासून चार हात सोडून लावली. पुढच्या वर्षाचं तो काही बोललेला नाही.

बिया या वेळी फेकल्या नाहीत. त्यांच्यावर तेलकट थर असतो, पाणी आत शिरत नाही, म्हणून चाळीस बिया राखेच्या पाण्यात चोळून चोळून धुतल्या आणि पिशव्यांत लावल्या. काही उगवलं तर पावसाळ्यात कळेल, आणि त्यात नर किती, मादी किती हे कळायला आम्ही सगळे पास होऊन बाहेर पडलेलो असू. सध्या मेकॅनिकलवाले त्या बांबूच्या टोकाच्या कात्रीचं वजन कमी करायच्या मागे लागलेत. फोल्डेबल हॅक्सॉ ब्लेड कोणाकडे जुनं पडलं असेल तर गर्ल्स होस्टेलच्या ऑफिसात आणून द्या.